चारशे बारा किलो ओल्या चादरी

धुलाईच्या कारखान्यात शिळेरावांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीला माहीत होतं. बाकी माल उतरवणाऱ्यांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते शिळेराव. त्याला कारण होतं. सात दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि ऑपरेशनचे झगे या कारखान्यात धुवायला येत. कुठल्या हॉलमध्ये किती किलो धुतले गेले हे आकडे रोज एका फाइलमध्ये भरले जात, आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर सकाळी नऊला ते उचलून मीटिंगच्या खोलीतल्या भिंतभर स्क्रीनवर लावी. याला रिफ्रेश म्हणत. सुरुवातीला हे रिफ्रेश आठवड्यातून तीनदा तोंडावर पडायचं. स्क्रीनवर चार दिवसांपूर्वीचे आकडे तसेच राहायचे, आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस लोकांच्या लेखी शिळा झाला तो झालाच.

माणूस तसा गरीब. भित्र्या माणसाला चांगल्या शब्दांत गरीब म्हणतात, त्या अर्थाने गरीब. वय सेहेचाळीस, अंगात बारा महिने तेच राखाडी स्वेटर, खिशात चार पेनं आणि त्यातलं चालणारं एक. कोणी मोठ्या आवाजात बोललं की ते आधी माफी मागून घेत आणि मग काय झालं ते विचारत.

रिफ्रेश पडायला काहीही पुरायचं. कोणी फाइल एका फोल्डरमधून उचलून दुसऱ्यात ठेवली, पडलं. कोणाला 'किलो'पेक्षा 'वजन' हा मथळा भारदस्त वाटला आणि त्याने तो बदलला, पडलं. पासवर्डची मुदत संपली, पडलं. आकड्याच्या रकान्यात कोणी मोठ्या मनाने 'आज सुट्टी' असं लिहिलं, तरी पडलं. मग नऊ वाजून एक मिनिटाने स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल फुली उमटे आणि अकरा जणांना आपोआप मेल जाई. त्यातल्या दहा जणांना तो मेल कशाबद्दल आहे हे कळत नसे, पण फोन मात्र अकराच्या अकरा जण करत. सकाळी नऊच्या आधी शिळेरावांना घास उतरत नसे. "मशीनचं पोट बिघडलं की तुमचं बिघडतं," बायको म्हणायची, "दोघांना एकच डॉक्टर बघा."

मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी शिळेरावांनी त्यावर एक उपाय केला. उपाय इतका साधा होता की कोणाला सांगायची त्यांना लाज वाटली, आणि पुढे ते स्वतःही तो विसरून गेले. पण त्या दिवसापासून लाल फुली जवळजवळ गेलीच. नऊ वाजले की कोपऱ्यात हिरवी खूण. फाइल हलली किंवा पासवर्ड गेला तर वर्षाकाठी एखाद्या वेळी बिघाड होई, तेवढाच. मालकांनी खूश होऊन त्यांना एक प्रमाणपत्र दिलं आणि ते मीटिंगच्या खोलीत, अग्निशामक नळकांड्याच्या वर लावलं. शिळेराव सकाळी खाऊ लागले. नाव मात्र बदललं नाही, कारण लोकांना ते आवडलं होतं.

कारखान्यात दोन हॉल होते. नवा हॉल चकचकीत, त्याचा प्रमुख एक रुबाबदार गडी. छताखाली, ट्यूबलाइटच्या उजेडातसुद्धा कपाळावर काळा चष्मा चढवून फिरायचा, म्हणून त्याला सगळे गॉगल म्हणत. जुना हॉल अंगणाच्या पलीकडे, पत्र्याचा, वाफेने कायम दमट. तिथे एकोणीस बायका आणि त्यांच्यावर मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे शिळेरावांची सख्खी थोरली बहीण.

थोरली म्हणजे चांगली अकरा वर्षांनी. आई दिवसभर कामावर जायची तेव्हा या भावाला हिनेच वाढवलं, हिनेच अंक शिकवले. पाटी नव्हती, कपडे वाळत घालायचे चिमटे होते. दोरीवर एकेक चिमटा लावत ती मोजायला लावायची, आणि चिमटे संपले की विचारायची, "आता पिशवीत किती राहिले?" पिशवी खोल होती, आणि तिच्या तळाशी एकदा झुरळ निघालं होतं. त्यामुळे हा लांबूनच सांगायचा, "शून्य." मग ताई त्याचा हात धरून पिशवीत घालायची, आणि तळाशी हमखास दोन चिमटे निघायचे. या कारखान्यात त्याला चिकटवलं तेही तिनेच.

सहा महिन्यांपूर्वी मालकांनी कारभार जावयाच्या हाती सोपवला. समोर त्यांना सगळे सर म्हणत, पाठीमागे जावईबापू. जावईबापूंना कारखान्यात फिरायला आवडत नसे, वाफेने त्यांचे केस बसत. त्यांना स्क्रीन आवडे. मीटिंगच्या खोलीतल्या मऊ खुर्चीत बसून ते आकडे बघत आणि मुळाशी गेल्यासारखा चेहरा करत. त्यांना दोन महिन्यांत असं दिसलं की जुन्या हॉलचं काम निम्म्यावर आलंय आणि नव्या हॉलचं झपाट्याने वाढतंय. इतकं, की कारखान्यात जेवढं वजन धुवायला येतं त्यापेक्षा जास्त वजन धुतलं जातंय. यात काही खटकण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही. ते म्हणाले, "याला म्हणतात उत्पादकता." आणि त्यांनी जाहीर केलं की गुरुवारच्या मीटिंगमध्ये जुना हॉल महिनाअखेर बंद करायचं ठरेल. वीस बायका घरी. ताईची निवृत्ती तीन वर्षांवर होती.

रविवारी ताई भावाकडे आली. चपला न काढता दारातच उभी राहिली, आणि ती चपला काढत नाही म्हणजे बसायला आलेली नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"छोट्या, तुझ्या त्या स्क्रीनवर आमचं काम निम्मं कसं दिसतं?" तिने विचारलं. "माझ्या बायकांच्या हातांची सालपटं निघालीत. एक दिवस आम्ही कमी धुतलेलं नाही."

"ताई, मी आकडे लिहीत नाही गं," शिळेराव म्हणाले. "तुम्ही भरता तेच तिथे येतात."

"मग ते चुकीचे येतायत."

"चुकले असते तर लाल फुली आली असती. हिरवी खूण आहे. तीन वर्षांत आकड्यावरून एकदाही रिफ्रेश पडलेलं नाही."

"खूण हिरवी आहे म्हणजे आम्ही खोट्या का?" ताई एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली. बायकोने चहा टाकला होता, तो दोघांनी वाटून प्यायला. शिळेरावांना तो कडू लागला, पण त्यांनी साखरेला दोष दिला.

सोमवारी नऊ वाजून एक मिनिटाने रिफ्रेश पडलं.

लाल फुली बघून शिळेरावांनी आधी फाइल पाहिली. फाइल जागच्या जागी होती. मथळे तपासले, कोणाला भारदस्तपणाचा झटका आलेला नव्हता. पासवर्डही जिवंत. म्हणजे घोडं पेंड खात होतं ते मधल्या कॉम्प्युटरपाशी. कारखान्यातल्या फाइली आणि बाहेरच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर यांच्यामध्ये ने-आण करणारा एक म्हातारा कॉम्प्युटर होता. तो मीटिंगच्या टेबलाखाली राही, आणि त्यावर शिळेरावांनी पुठ्ठा चिकटवला होता: 'कृपया बंद करू नये. याच्यावर सगळं आहे.'

शिळेराव ओणवे होऊन टेबलाखाली शिरले. म्हातारा गार पडला होता. त्याचा प्लग उपसून बाजूला टाकलेला, आणि त्याच्या जागी दुसराच एक प्लग. त्या वायरीचा माग काढत ते रांगत गेले, तर ती पायाला मसाज करणाऱ्या एका यंत्राशी संपली. यंत्र घरघरत होतं. त्यात दोन पाय होते, आणि ते जावईबापूंचे होते.

"कोण आहे खाली?" वरून आवाज आला.

"मी आहे, सर. सॉरी, सर. रिफ्रेश बघतोय."

"बघा, बघा."

शिळेरावांनी म्हाताऱ्याचा प्लग भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये घातला, दहा मिनिटं त्याला जागं व्हायला दिली आणि रिफ्रेश पुन्हा चालवलं. हिरवी खूण आली. ते हुश्श करून बाहेर निघाले, तोच जावईबापूंनी त्यांना थांबवलं. "मिस्टर शिळे," ते म्हणाले. शिळे हे आडनाव आहे अशी त्यांची सहा महिने प्रामाणिक समजूत होती. "हे पडलं कशाने?"

शिळेरावांनी मसाजच्या यंत्राकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. "तपासतो, सर."

"वरवरचं उत्तर मला चालत नाही. मुळाशी जा. गुरुवारच्या मीटिंगमध्ये मला लेखी कारण हवंय."

आता आली पंचाईत. खरं कारण लिहावं तर साहेबांचे पाय मध्ये येत होते. तेव्हा साहेबांच्या पायांऐवजी दाखवता येईल असा एखादा प्रतिष्ठित बिघाड शोधून काढणं भाग होतं. मंगळवारी सकाळी शिळेरावांनी रिपोर्ट उघडला आणि अशा बिघाडाच्या शोधात त्याच्या आत शिरले. आकडे फाइलमधून निघून स्क्रीनवर पोचेपर्यंत त्यांच्यावर एकेक क्रिया होते, आणि त्या क्रियांची यादी बाजूला ओळीने मांडलेली असते. पहिली, फाइल उघडा. दुसरी, रिकाम्या ओळी काढा. तिसरी, तारीख ओळखा. शिळेराव प्रत्येक ओळीवर थांबत, सभ्य दिसणारा एखादा दोष मिळतो का बघत खाली उतरत होते. सातव्या ओळीवर त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं: 'जिथे आकडा वाचता येत नाही तिथे शून्य धरा.'

तीन वर्षांपूर्वीचा उपाय तो हाच. कोणी रकान्यात अक्षरं लिहिली की रिफ्रेश पडतं ना? मग अक्षरांना शून्य समजायचं. भांडण नाही, तंटा नाही, लाल फुली नाही. तेव्हा त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं होतं. रकान्यात काय लिहिलंय हे मात्र त्यांनी त्यानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. बघायची वेळच येत नव्हती, त्यासाठीच तर ती ओळ घातली होती.

आता काहीतरी लेखी द्यायला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी रिपोर्टची एक प्रत काढली आणि त्या प्रतीतून सातवी ओळ काढून टाकली. त्रेचाळीस चुका वर आल्या. सगळ्या गेल्या दोन महिन्यांतल्या, आणि सगळ्या जुन्या हॉलच्या. त्यांनी पहिली उघडली. रकान्यात लिहिलं होतं '४१२ ओल्या'. दुसरीत '३८० ओल्या'. तिसरीत '४०५ ओल्या', आणि अशा त्रेचाळीस.

दोन महिने रोज चारशे-चारशे किलो चादरी बहिणीच्या नावावरून पुसल्या जात होत्या, आणि पुसणारा हात आपला होता. रविवारी दारात उभी असलेली ताई त्यांना आठवली, आणि आपण तिला हिरवी खूण ऐकवली हेही आठवलं.

त्यांच्या खुर्चीपासून जुना हॉल साठ पावलांवर होता. या तीन वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. ते उठले, अंगण ओलांडलं आणि पत्र्याचं दार ढकललं. वाफेने चष्मा पांढरा झाला. तो पुसून पाहतात तर ताई वजनकाट्यापाशी उभी होती. दोन बायका चादरींनी भरलेला लोखंडी गाडा काट्यावर चढवत होत्या आणि गाड्याखालून पाणी ठिबकत होतं.

"काय रे?" ताई म्हणाली. "वाट चुकलास?"

"ताई, तुम्ही आकड्यापुढे 'ओल्या' असं का लिहिता?"

"ओल्या असतात म्हणून." तिला प्रश्नच कळला नाही. "आमचं दोन नंबरचं वाळवायचं मशीन बंद आहे, दोन महिने झाले. चार चिठ्ठ्या पाठवल्या, कोणी दुरुस्त करत नाही. मग निम्मा माल आम्ही धुतो आणि ओलाच गॉगलच्या हॉलमध्ये वाळवायला पाठवतो. आता ओली चादर आणि कोरडी चादर एका वजनाची असते का? पाण्याचे किलो माझ्या नावावर कशाला मांडून घेऊ? म्हणून खरं काय ते लिहिते."

"आणि गॉगल काय लिहितो?"

"तो त्याच्या दारात पुन्हा काट्यावर घालतो. नुसताच आकडा लिहीत असेल. त्याला कुठे लिहायचा एवढा उरक."

शिळेरावांच्या डोक्यात सगळं धडाधड जागेवर बसलं. धुवायच्या या बायका, आणि स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे शून्य. वाळवायचा गॉगल, आणि त्याच्या नावावर पूर्ण चारशे बारा, पाण्यासकट. कारखान्यात येतो त्याहून जास्त माल धुतला कसा जातो ते आता उघड होतं. जावईबापूंची उत्पादकता गाड्याखालून ठिबकत होती.

हे सगळं ताईला तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण दोन्ही बायका बघत होत्या, ताई बघत होती, आणि शिळेरावांनी शेपूट घातली. "बरं," असं म्हणून ते परत फिरले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"मग दुरुस्त करून टाका ना गुपचूप," ती म्हणाली. "गुरुवारी बरोबर आकडे लागले म्हणजे झालं."

"तसं चालणार नाही गं. एका रात्रीत जुन्या हॉलचे आकडे दुप्पट झाले तर जावईबापू म्हणतील, भावाने बहिणीसाठी वाढवले. ती माझी बहीण आहे हे पहारेकऱ्यालासुद्धा माहीत आहे. आधी ते शून्य कोणी घातलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कोणी खरं मानणार नाही."

"कोणी घातलं ते सांगा मग."

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित," बायको म्हणाली. तिने उशीचा अभ्रा झटकला. "पण अहो, गप्प बसलात तर ताईंची नक्की जाणार आहे. आणि नंतर त्या आपल्या दारात उभ्या राहतील तेव्हा त्यांना आत या म्हणायचं तोंड मला तरी राहणार नाही."

बुधवारी शिळेराव जेवले नाहीत. गुरुवारी पावणेनऊला त्यांनी खऱ्या रिपोर्टातून सातवी ओळ काढून टाकली.

मीटिंगच्या खोलीत जावईबापू मऊ खुर्चीत होते. गॉगल आला होता, इस्त्री केलेल्या शर्टात, अभिनंदन स्वीकारायच्या तयारीने. ताईला बोलावलं होतं ते निर्णय ऐकवायला. ती दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, ओले हात पदराला पुसत. नऊ वाजले. स्क्रीन क्षणभर पांढरा झाला आणि कोपऱ्यात भलीमोठी लाल फुली उमटली. लगेच सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम वाजले.

"मिस्टर शिळे," जावईबापू म्हणाले, "हे काय?"

"सर, ते खालचं वाचा ना."

फुलीखाली एक ओळ आली होती. जावईबापूंनी डोळे बारीक करून मोठ्याने वाचली, "'४१२ ओल्या' या मजकुराचा आकडा करता येत नाही." त्यांनी वळून पाहिलं. "याचा अर्थ काय?"

"सर, अर्थ असा, की हे रिफ्रेश तीन वर्षांपूर्वीपासून असंच पडायला हवं होतं. मी पडू दिलं नाही." एकदा तोंड उघडल्यावर शिळेराव थांबले नाहीत. आकडा वाचता आला नाही की तिथे शून्य धरायची ओळ आपण घातली, फोन नकोत म्हणून घातली, भीती वाटत होती म्हणून घातली. जुना हॉल दोन महिने ओला माल ओला म्हणून लिहीत आला आणि आपल्या ओळीने तो त्रेचाळीस वेळा शून्य केला. तोच माल नवा हॉल आपल्या नावावर लिहीत आला. हे सगळं त्यांनी खाली न बघता सांगितलं. फक्त ताईकडे बघणं त्यांना जमलं नाही.

गॉगलने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "माझ्या दारात जे वजन भरतं ते मी लिहितो," तो म्हणाला. "मला कोणी सांगितलं नव्हतं की पाणी वजा करायचं."

"मी सांगते ना," ताई उभी राहिली. "आजचा गाडा तोला. नंतर वाळवून तोला. बघा काय ते."

जावईबापूंच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण मुळाशी जायचं त्यांनीच म्हटलं होतं, आणि मूळ आता अंगणापलीकडे उभं होतं. नाइलाजाने सहा महिन्यांत पहिल्यांदा ते वाफेत गेले. केस बसायचे ते बसले. गाडा काट्यावर चढला, ओल्या चादरी चारशे सहा किलो. वाळवून यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ जावईबापू एका उपड्या टोपलीवर बसून होते आणि जुन्या हॉलमधल्या एकोणीस बायका त्यांच्याकडे बघत बघत चादरी पिळून काढत होत्या. कोरड्या भरल्या दोनशे एकाहत्तर.

"म्हणजे दोन महिने," जावईबापू हळूच म्हणाले, "मी पाण्याचं कौतुक करत होतो?"

मागच्या ओळीतली एक बाई खोकली, आणि तो खोकला खरा नव्हता.

जावईबापूंना कोणावर तरी ओरडणं आवश्यक झालं. ते शिळेरावांकडे वळले. "आणि सोमवारी पडलं तेही तुमच्याच ओळीमुळे?"

"नाही, सर," शिळेराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं खरं बोलल्यामुळे त्यांना आता आवरता येत नव्हतं. "सोमवारी तुम्ही पायाच्या मशीनसाठी प्लग काढला होतात."

या वेळी खोकला बऱ्याच जणींना आला.

जुना हॉल बंद करायचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला आणि मग कायमचाच बारगळला, कारण मालकांच्या कानावर गेलं. वाळवायचं मशीन पाच दिवसांत दुरुस्त झालं, आणि फाइलमधले त्रेचाळीस 'ओल्या' आकडे हिशेब करून कोरड्या वजनाने बदलले गेले. शिळेरावांची नोकरी गेली नाही. त्यांच्याशिवाय ते सॉफ्टवेअर कोणाला उघडता येत नव्हतं, हे त्यांचं नशीब. त्यांना एक ताकीदपत्र मिळालं, 'श्री. शिळे यांस' असं लिहिलेलं. भिंतीवरचं प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच उतरवलं. त्याखाली भिंतीचा रंग स्वच्छ राहिला होता, तो चौकोन अजून दिसतो.

ताई मात्र बोलेना. चार दिवस अंगणात समोरून आली की मान फिरवून जायची. पाचव्या दिवशी शिळेराव तिच्या वाटेत जाऊन उभेच राहिले. "ताई, शिव्या दे," ते म्हणाले, "पण बोल."

ताईच्या हातात धुतलेल्या अभ्र्यांचा ढीग होता. तो तिने कमरेवर घेतला.

"गॉगलने लिहिलं त्याचं मला काही नाही. तो परका," ती म्हणाली. "मशीनने शून्य म्हटलं त्याचंही काही नाही. पण तू माझ्या तोंडावर म्हणालास, खूण हिरवी आहे. लहानपणी तू असाच लांबून शून्य म्हणायचास. तळाशी किती वेळा चिमटे निघाले, सांग. तरी तू परवापर्यंत पिशवीत हात घातला नाहीस, छोट्या. माझ्या पिशवीत."

शिळेरावांना रडू आलं. भर अंगणात, माल उतरवणारे बघत असताना सेहेचाळीस वर्षांचा माणूस स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत उभा राहिला. ताईने अर्धे अभ्रे त्यांच्या हातात दिले आणि चालू लागली, आणि ते तिच्या मागोमाग गेले.

त्याच्या पुढच्या सोमवारी नऊ वाजून एक मिनिटाने रिफ्रेश पुन्हा पडलं. अकरा जणांना मेल गेला, अकरा फोन वाजू लागले. शिळेरावांनी रकाना उघडला. वाळवायचं मशीन आता चालू होतं, त्यामुळे ताईने खरं काय ते लिहिलं होतं: '२८३ कोरड्या'.

अशा शब्दाला बाजूला काढून नुसता आकडा घेणारी ओळ घालायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांनी फोन वाजत ठेवले, चारातलं चालणारं पेन निवडून घेतलं आणि विचारायला अंगणापलीकडे गेले.